मदत हवी आहे: घराकडे कललेला मानकुरादचा आंबा उतरवायचा आहे (फोंडा)

नमस्कार. आमच्या परसातला मानकुरादचा आंबा सासूबाईंनी लग्न होऊन आल्यावर लावलेला. आता खोडकिड्याने पोखरलाय. बुंध्याशी भुसा पडतो, हाताने ठोकलं की पोकळ आवाज येतो. झाड घराकडे कललंय, खाली मंगळुरी कौलं, बाजूला शेजाऱ्यांची चिऱ्याची वंय (कुंपणाची भिंत) आणि वरून विजेची तार. पावसाआधी उतरवायलाच हवं. मन होत नाही, पण दुसरा उपाय नाही.

गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज केलाय. परवानगी हातात आल्याशिवाय कोयता लावू देणार नाही.

माणूस मात्र मिळत नाही. नारळाचे पाडेली म्हणतात, माडाचं काम वेगळं, आंब्याच्या फांद्यांचा भरवसा नाही. एक जण आला, तो बुंध्यातूनच पाडू म्हणाला. इथे ते शक्यच नाही. वरून सुरुवात करून, प्रत्येक फांदी कापण्याआधी दोरीला बांधून, हळूहळू खाली सोडणारा माणूस हवा. स्वतःला बांधून घेणारा, हेल्मेट घालणारा. त्याच्या जिवाची काळजी मला कौलांपेक्षा जास्त आहे.

फोंडा, माशेल, म्हार्दोळ भागात असं काम कुणाकडून करून घेतलंय का? किती दिवस लागले, मजुरी किती झाली? वीज बंद ठेवायला अर्ज किती दिवस आधी द्यावा लागतो?

आणखी एक. झाडाच्या ढोलीत पिंगळ्याची (छोट्या घुबडाची) जोडी आहे. पिल्लं असतील तर उडेपर्यंत थांबायचंय. ती आहेत की नाहीत, हे त्यांना न बिचकवता कसं ओळखायचं?