शब्दचर्चा : शीर्षक, मथळा, नाव, किताब

सेलू (प्रश्न) :
कथेला 'शीर्षक' म्हणावं, 'मथळा' म्हणावं की नुसतं 'नाव'? आपल्याकडची जुनी माणसं 'किताब' हा शब्दही वापरतात. कथा 1946 सालची, परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातली. पात्रं माधव, माणिक, मारोती, महादू; शिवाय गावचा तलाठी आणि मामलेदार. नावं तपासून सांगाल का?

अंबाजोगाई :
मथळा माथ्यावरून आला, शीर्षक शीर्षावरून. मूळ कल्पना एकच, वापर मात्र वेगळा झाला. मथळा बातमीला असतो आणि पुढचा मजकूर काय आहे ते सांगून टाकणं हेच त्याचं काम. 'सावकाराचा वाडा कोसळला' हा मथळा. त्याच घटनेवरच्या कथेला 'माळवद', म्हणजे मातीचं सपाट छत, हे शीर्षक शोभेल. वाचक छताची माती गळताना पाहील आणि शेवटी त्या शब्दाचा अर्थ त्याला लागेल. नवख्या कथा पुष्कळदा इथंच अडकतात, शेवट आधीच मथळ्यात सांगून बसतात.

'नाव' हा घरगुती शब्द आहे, पण निसरडा. 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं, 'नावं ठेवणं' म्हणजे निंदा. पूर्वी 'नांव' असं लिहीत. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनंतर तो अनुस्वार गेला आणि ते नाव व पाण्यातली ती नाव लिहिण्यात सारखीच झाली. विभक्ती लावली की दोघी वेगळ्या होतात : नावाला–नावेला, नावात–नावेत. म्हणून गोदाकाठच्या कथेला 'नाव' असं शीर्षक दिलं तर दोन्ही अर्थ राहतात. 'नावेत' केलं की एक अर्थ गेलाच.

'किताब'मध्ये दोन अरबी शब्द एकत्र आले आहेत. पदवी या अर्थाचा मूळ शब्द खिताब, पुस्तक या अर्थाचा किताब. मराठीत दोन्हींचं 'किताब' झालं. मराठवाड्यात दखनीचा शेजार असल्यानं पुस्तक हा अर्थही कानावर असतो. पैलवानाला किताब मिळतो. कथेच्या शीर्षकाला तो शब्द लावू नये. उर्दूत शीर्षकाला 'उनवान' म्हणतात.

नांदेड :
शब्दांपेक्षा पात्रांकडे आधी बघा. 1946 साली परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. मुक्ती 17 सप्टेंबर 1948 ची. तिथं तलाठी नाही, पटवारी पाहिजे. मामलेदार मुंबई इलाख्यातला, इकडे तहसीलदार. गावात पोलीस पाटील आणि माली पाटील असे दोन असत. हा 'माली' माल म्हणजे महसूल, त्यावरून आलेला. छापताना त्याचा 'माळी पाटील' करून ठेवतात, ते तेवढं सांभाळा. सरकारी कागदात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद येईल. हिंगोली जिल्हा तर 1 मे 1999 चा, त्याआधी तो परभणीतच.

चारही नावं 'म'ची, हे पहिलं बदला. वाचक नाव पूर्ण वाचत नाही, पहिलं अक्षर आणि लांबी पाहून ओळखतो. मारोती ठेवा, या भागात 'मारुती'पेक्षा तेच तोंडात आहे. बाकीचे गंगाधर, व्यंकटी, हणमंत असे चालतील. घर लिंगायताचं असेल तर मन्मथ, शिवलिंग, बसवंत. कोमट्याचं असेल तर आडनाव 'वार'नं संपणारं शोभेल.

मग प्रत्येक नावाची हाक ठरवा. आई 'गंग्या' म्हणेल, सोयरे 'गंगाधरराव'. त्या काळची बायको उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेणार नाही, तेव्हा तिच्या संवादात 'गंगाधर' आलं की तिथंच कथा खोटी पडते. निवेदनाचंही तसंच. 'गंगाधर म्हणाला' आणि 'गंगाधरराव म्हणाले' यांत क्रियापद बदलतं, आणि निवेदक त्या माणसापासून किती लांब उभा आहे तेही. मध्येच बदलायचं तर कथेत कारण घडू द्या : कर्ज फिटलं, मान मिळाला, मान गेला.

सेलू :
पटलं, तलाठी आजच काढतो. एक राहिलं. 'माळवद' शीर्षक घेतलं तर 'माळवदाची सुरुवात' म्हणायचं की 'माळवदची'?

अंबाजोगाई :
अवतरणात घालून 'माळवद'ची. सामान्यरूप केलंत की तो शब्द पुन्हा छत होतो. लिंगाचाही घोळ होतो, 'माळवद' छापली की छापलं? तिथं सरळ 'माळवद' ही कथा छापली असं लिहावं.