राउटरची फायरवॉल चालू असली की ठरावीक साइट्स उघडत नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरी आमच्या भागातल्या केबलवाल्याकडून घेतलेलं फायबरचं इंटरनेट आहे. पावसाळ्यात वीज पडून जुना राउटर जळाला, तेव्हा त्यांचा माणूस येऊन नवीन बसवून गेला. तेव्हापासून हा त्रास सुरू आहे. यूट्यूब, गूगल, व्हॉट्सअॅप सगळं सुरळीत, स्पीडही चांगला. नेमकं कामाच्या ठिकाणी अडतं.

कॉलेजचे अंतर्गत गुण भरायचं पोर्टल: मुखपृष्ठ लगेच येतं, पण 'लॉगिन'वर क्लिक केलं की चक्र फिरत राहतं आणि शेवटी 'कनेक्शन टाइम्ड आउट'. बाबांच्या सहकारी बँकेच्या नेटबँकिंगचं अगदी तसंच. तिसरी साइट मेडिक्लेमची. तिथे एरर येत नाही, नुसतं पांढरं पान समोर राहतं.

फोनच्या हॉटस्पॉटवर तिन्ही उघडतात, म्हणजे लॅपटॉपमध्ये दोष नाही. राउटरच्या पानावर, म्हणजे १९२.१६८.१.१ वर, फायरवॉलला हाय, मीडियम, लो आणि ऑफ असे पर्याय आहेत. सध्या 'हाय' आहे. 'ऑफ' केलं की पोर्टल आणि बँक दोन्ही उघडतात. मेडिक्लेम मात्र तरीही नाही.

केबलवाल्याचा माणूस म्हणतो, "मॅडम, बंदच ठेवा, काही होत नाही." माझं मन धजावत नाही. घरात कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आहे आणि बाबांचे सगळे व्यवहार याच नेटवर होतात. गुण भरायची मुदत जवळ आली आहे. फायरवॉल चालू ठेवून हे सुटेल का?

प्रतिसाद

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून बघा. ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. माझ्याकडे अर्ध्या तक्रारी तेवढ्यानंच मिटल्या होत्या.

धागाकर्ती

दोन्ही टाकून बघितले, काहीच फरक नाही.

प्रतिसाद

ताई, फायरवॉल बंद ठेवू नका, तुमची शंका रास्त आहे. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत सगळं घर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतं (यालाच नॅट म्हणतात), त्यामुळे बाहेरच्याला थेट आत शिरणं अवघड असतं. पण तुमच्या कनेक्शनवर आयपीव्ही६ ही नवी पद्धत चालू असेल, तर घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. तिथे नॅटचा आडोसा नाही. फायरवॉल काढली की तो डीव्हीआर सरळ उघड्यावर येऊ शकतो.

डीएनएसचा दोष असता तर मुखपृष्ठही आलं नसतं आणि एरर वेगळा दिसला असता. 'टाइम्ड आउट' म्हणजे पत्ता सापडला, दार ठोठावलं, पण आतून उत्तर आलं नाही.

लॉगिनला क्लिक केल्यावर अॅड्रेस बारमध्ये साइटच्या नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि एखादा आकडा दिसतो का? तो आकडा म्हणजे पोर्ट, सर्व्हरच्या दाराचा क्रमांक. साध्या साइट्स ८० आणि ४४३ या पोर्टवर चालतात. काही संस्थांची लॉगिनची पानं मात्र ८४४३ किंवा ८०८० वर ठेवलेली असतात. बऱ्याच राउटरमध्ये 'हाय' म्हणजे बाहेरून येणारं तर बंदच, शिवाय आतून बाहेर जाणाऱ्यातलंही वेब, मेल, डीएनएस असं नेहमीचं तेवढंच सोडायचं. घरच्या वापराला एवढा कडकपणा लागत नाही.

मेडिक्लेमचं दुखणं निराळं आहे, कारण फायरवॉल काढूनही ते हटत नाही. तुमचं कनेक्शन युजरनेम-पासवर्डवालं, म्हणजे पीपीपीओई आहे का? असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग करून बघा: 'पिंग', मग वजा एफ, वजा एल १४७२ आणि पुढे ८.८.८.८. नंतर १४७२ च्या जागी १४६४ टाका. डेटाचं केवढं पाकीट तुकडे न करता पलीकडे जातं ते यातून कळतं. काय येतं ते जसंच्या तसं इथे लिहा.

धागाकर्ती

दादा, पोर्टल आणि बँक दोन्हीकडे लॉगिनला ८४४३ दिसतंय! एवढे दिवस तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

कनेक्शन पीपीपीओईच आहे. १४६४ ला चारही उत्तरं आली, १४७२ ला चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. राउटरच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १५०० लिहिलेलं आहे.

प्रतिसाद

मग दोन्ही गाठी सापडल्या.

पोर्टल आणि बँकेसाठी फायरवॉल 'मीडियम' करा. त्यात बाहेरून न मागता येणारं सगळं अडतं आणि आतून तुम्ही मागवलेलं येऊ दिलं जातं. 'मीडियम'वरही अडलं तर 'हाय'च ठेवून बाहेर जाणाऱ्या टीसीपी ८४४३ ला परवानगी देणारा नियम घाला. पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर मात्र जाऊ नका. ते बाहेरून आत यायची वाट उघडतं, तुम्हाला आतून बाहेर जायचंय.

मेडिक्लेमसाठी एमटीयू १४९२ करा. इथरनेटचं पाकीट १५०० बाइटचं, त्यातले ८ पीपीपीओई खातं. तुमच्या पिंगमध्येही तेच दिसतंय: १४६४ अधिक हेडरचे, म्हणजे पाकिटावरच्या पत्ता वगैरे मजकुराचे, २८ म्हणजे बरोबर १४९२. आणि १४७२ ला राउटरनं 'पाकीट मोठं आहे, तुकडे करावे लागतील' असं सांगायला हवं होतं. तो गप्प राहिला, कारण त्याच्या लेखी रस्ता १५०० चाच आहे. समोरच्या सर्व्हरला पाकीट लहान करा असा निरोप पोचला तर पान उघडतं. काही सर्व्हर हे निरोपच (त्यांना आयसीएमपी म्हणतात) घेत नाहीत, ते मोठी पाकिटं पाठवत बसतात आणि ती वाटेत गळतात. म्हणून एखादीच साइट पांढरी राहते. एमएसएस क्लॅम्पिंग (पाकिटं लहान ठेवा असं राउटरनंच आधी सांगणं) असा पर्याय दिसला तर तोही चालू करा.

धागाकर्ती

'मीडियम' केलं आणि पोर्टल, बँक दोन्ही उघडलं. आजच एका वर्गाचे गुण भरून झाले. मनापासून आभार!

एमटीयूची चौकट मात्र करड्या रंगात आहे, बदलता येत नाही. राउटरमागच्या चिठ्ठीवरच्या पासवर्डनं एवढंच दिसतं.

प्रतिसाद

ते साधं युजर लॉगिन आहे. वॅनची सेटिंग अॅडमिन लॉगिननंच बदलतात आणि तो पासवर्ड केबलवाल्याकडे असतो. त्याला फोन करून 'नेट नीट चालत नाही' असं मोघम सांगू नका. "पीपीपीओईवर एमटीयू १५०० ठेवलाय, १४९२ करून द्या" असं थेट सांगा आणि पिंगचे दोन्ही स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर पाठवा. हे ते त्यांच्या जागेवरूनही करू शकतात.

एक विचारून घ्या: त्यांच्या सर्व्हरवरून राउटरला सेटिंग आपोआप जाते का? जात असेल तर बदल तिकडेच करायला सांगा, नाहीतर राउटर रीसेट झाला की पुन्हा १५००. तोपर्यंत क्लेमची कागदपत्रं हॉटस्पॉटवरून पाठवा.

धागाकर्ती

फोन केला. उद्या सकाळी करून देतो म्हणालेत. झालं की मेडिक्लेमची साइट उघडून बघते आणि इथे कळवते.