हायरोग्लिफला ‘चित्रलिपी’ म्हणावं का?

स्वल्पविराम

मुलांसाठी प्राचीन इजिप्तवरचं एक छोटं पुस्तक मराठीत करतेय. ‘हायरोग्लिफ’ला बिनधास्त ‘चित्रलिपी’ लिहून मोकळी झाले होते, शाळेपासून तेच ऐकलंय. काल पानं भाचीला वाचायला दिली. तिने एका चित्रातल्या बदकावर बोट ठेवलं, शेजारच्या वर्तुळावर ठेवलं आणि विचारलं, “मावशी, इथे ‘बदक, सूर्य’ असं लिहिलंय?” खाली अर्थ छापलाय ‘रा देवाचा पुत्र’. सूर्य म्हणजे रा, इथवर ठीक. बदकाचं काय सांगू?

तर दोन प्रश्न. ‘चित्रलिपी’ चालेल का? आणि जुनी लिपी वाचता येऊ लागणं, याला मराठीत नेमका शब्द कोणता? उकल, उलगडा, आणखी काही?

कानामात्रा

भाचीला खाऊ द्या. ज्या प्रश्नावर युरोपातले पंडित शतकानुशतकं अडून बसले, तोच तिने विचारलाय.

त्या बदकाचा उच्चार साधारण ‘सा’. आणि ‘मुलगा’ या अर्थाचा इजिप्ती शब्दही ‘सा’. म्हणून मुलगा लिहायचा तर बदक काढायचं. चित्र बदकाचं, पण घ्यायचा तो त्याचा आवाज. आपल्याकडे ‘वर’ म्हणजे नवरदेव, ‘वर’ म्हणजे आशीर्वाद आणि ‘वर’ म्हणजे माळ्यावर. यातल्या एकाचं चित्र काढून तिन्हीकडे वापरलं तर जे होईल, ते हे.

पाचव्या शतकातल्या होरापोलो नावाच्या लेखकाला ‘मुलगा’ असा अर्थ बरोबर माहीत होता. कारण मात्र त्याने असं दिलं की हा पक्षी पिल्लांवर फार माया करतो! गिधाड म्हणजे ‘आई’, हेही बरोबर. कारण काय, तर म्हणे गिधाडांत नर नसतातच. खरं कारण एवढंच की गिधाडाच्या चिन्हाचा आणि ‘आई’ या शब्दाचा उच्चार एक, ‘मुत’. उत्तर बरोबर, रीत चूक. गणिताच्या बाईंनी अर्धे गुण कापले असते. इथे त्या चुकीच्या रीतीपायी पुढची हजारेक वर्षं गेली.

म्हणून माझं मत: ‘चित्रलिपी’ नको. तो शब्द होरापोलोचीच चूक पुढे चालवतो.

अडगळ

जरा थांबा. व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे. ‘देवनागरी’ हे नाव वाचून कुणी देवांचं नगर शोधायला जात नाही. चिन्हं चित्रांसारखी दिसतात म्हणून चित्रलिपी, इतकं साधं आहे. रुळलेला शब्द काढून ‘हायरोग्लिफ’ ठेवलात तर दहा वर्षांचं पोर उच्चारावरच अडेल.

बाराखडी

अडगळ, ‘देवनागरी’ने कुणाची वाट चुकवली नाही. ‘चित्र’ने चुकवली, आणि ती नोंदलेली आहे.

फिले बेटावरच्या देवळात २४ ऑगस्ट ३९४ या तारखेचा लेख आहे. तारीख असलेला हायरोग्लिफमधला तो शेवटचा. त्यानंतर जाणकार संपले. सतराव्या शतकात आठानाझियुस किर्खर या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती पंडिताने ओबेलिस्कांवरच्या, म्हणजे इजिप्तच्या उंच दगडी खांबांवरच्या लेखांतून पानंच्या पानं तत्त्वज्ञान काढलं, कारण एकेक चित्र म्हणजे एकेक गूढ कल्पना हे त्याने आधीच धरलेलं. जिथे राजाचं नाव आणि बिरुदं होती तिथे त्याला विश्वाचं रहस्य दिसलं. गंमत म्हणजे कॉप्टिक, म्हणजे इजिप्ती भाषेचंच शेवटचं रूप, तिचा अभ्यास युरोपात रुजवला तोही यानेच. किल्ली हातात, आणि माणूस भिंत ठोठावतोय.

मग १७९९ मध्ये रशीदजवळ, म्हणजे रोझेटाजवळ, किल्ल्याचं काम करताना फ्रेंच सैनिकांना ती शिळा सापडली. इ.स.पू. १९६ चा, पाचवा टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजाच्या काळातला हुकूम. वर हायरोग्लिफ, मध्ये डेमोटिक ही रोजच्या वापरातली इजिप्ती लिपी, खाली ग्रीक. लोक समजतात की ग्रीक भाषांतर मिळालं आणि काम झालं. पण शिळा सापडल्यावर तेवीस वर्षं गेली! टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने टॉलेमीच्या नावातली काही अक्षरं बरोबर ओळखली होती. तोही म्हणत राहिला की आवाजाचा वापर फक्त परक्या नावांपुरता. बाकी सगळी चित्रं.

शेवटी ज्याने ही लिपी वाचली त्या शाँपोलियाँ या फ्रेंच पंडिताने एक मोजदाद केली, ती मला फार आवडते. शिळेवरच्या ग्रीक मजकुरात शब्द ४८६. हायरोग्लिफचा भाग तर वरून फुटलेला, अपुरा. तरी त्यात चिन्हं १४१९. एक चित्र म्हणजे एक कल्पना असेल तर हा हिशेब बसतो का? नाही बसत.

मोडीवाला

बाराखडी यांनी कॉप्टिकचा उल्लेख केलाय, त्यात भर. कॉप्टिक म्हणजे इजिप्ती भाषेचंच शेवटचं रूप, ग्रीक अक्षरांत आणि डेमोटिकमधून घेतलेल्या थोड्या जादा अक्षरांत लिहिलेलं. चर्चच्या प्रार्थनांमध्ये ते टिकलं होतं. शाँपोलियाँ लहानपणापासून त्यामागे लागलेला. १८२२ मध्ये त्याच्यासमोर अबू सिंबेलच्या इजिप्ती देवळातल्या लेखांची रेखाटनं आली. एका लांबट चौकटीत आधी सूर्याचं वर्तुळ, मग एक तीन शेपट्यांसारखं चिन्ह, शेवटी दोनदा ‘स’. कॉप्टिकमध्ये सूर्य म्हणजे ‘रे’. मधलं चिन्ह रोझेटाच्या शिळेवर जिथे येतं तिथे ग्रीकमध्ये ‘जन्मदिवस’ आहे, आणि कॉप्टिकमध्ये जन्म देणं म्हणजे ‘मिसे’. रे-मेस-स. रामसेस! हा काही ग्रीक राजा नव्हे, अस्सल जुना फेरो. म्हणजे आवाजाची चिन्हं परक्यांसाठी केलेली सोय नव्हती, लिपीच तशी होती. धावत भावाकडे गेला, “जमलं!” म्हणाला आणि तिथेच कोसळला, असं सांगतात. २७ सप्टेंबरला पॅरिसच्या अकादमीत पत्र वाचलं, त्यात मात्र भर ग्रीक-रोमन नावांवरच. पुरती पद्धत त्याने १८२४ च्या ग्रंथात मांडली.

आता स्वल्पविराम यांचा दुसरा प्रश्न. ‘उकल’ कोड्याची, ‘उलगडा’ रहस्याचा. लिपीसाठी आपल्याकडे घरचा शब्द आहे: अक्षर लागणं. मी दप्तरातले मोडी कागद वाचतो. तिथे कुणी ‘उद्वाचन’ म्हणत नाही. “दुसरी ओळ लागली, तिसरी लागत नाही,” असंच बोलतात. शाँपोलियाँला हायरोग्लिफ लागली. एवढंच लिहा.

कानामात्रा

‘लागली’ झकास! पण मुलांच्या पुस्तकात ‘शाँपोलियाँला लिपी लागली’ वाचून कुणी ‘कुठे लागली, तेल लावा’ म्हणेल. ‘लिपीचं अक्षर लागलं’ असं करा.

मोडीवरून आठवलं: हायरोग्लिफ आणि तिचं झरझर लिहायचं रूप हायरॅटिक यांचं नातं बरंचसं बाळबोध आणि मोडीसारखं. एक दगडावर सावकाश कोरायची, दुसरी पपायरसवर बोरूने झरझर ओढायची. अगदी तंतोतंत नाही, पण मुलांना समजायला पुरे.

अडगळ

मोजदादीपुढे मी गप्प. तरी एक सांगा, सगळंच आवाज असेल तर ती बसलेली माणसं, चालणारे पाय कशाला?

बाराखडी

सगळंच आवाज नाही, खरी मेख तिथेच आहे. स्वर लिहीत नसत. त्यामुळे व्यंजनं सारखी असलेले शब्द एकसारखे दिसत. म्हणून शब्दाच्या शेवटी एक मुकं चिन्ह: चालण्याशी संबंध असेल तर पाय, माणसाशी असेल तर बसलेला माणूस. उच्चार शून्य, नुसती खूण. मराठीत याला ‘निर्धारक’ म्हणतात, मला ‘खूणचिन्ह’ बरं वाटतं. काही चिन्हं आवाजाची, काही अख्ख्या शब्दाची, काही खुणेची, आणि एकच चिन्ह जागेप्रमाणे यातलं काहीही. त्यामुळे ‘ध्वनिलिपी’ म्हणालात तरी चूकच.

मोडीवाला

मोडीवाल्याची एक अवांतर पिंक. राजाच्या नावाभोवतीच्या त्या लांबट चौकटीला ‘कार्टूश’ म्हणतात. नाव फ्रेंच सैनिकांनी दिलं म्हणतात, आकार त्यांच्या बंदुकीच्या कार्टूशसारखा दिसला म्हणून. आणि आपलं ‘काडतूस’ पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आलेलं. दोन्ही एकाच घरातले. म्हणजे रामसेसचं नाव काडतुसात आहे!

स्वल्पविराम

काडतूस घेतलं! चौकटीत स्वतंत्र टीप करते, मुलं खूश होतील.

बाकी असं ठरवतेय. नाव ‘हायरोग्लिफ’च. पहिल्यांदा येईल तिथे ‘पवित्र कोरीव अक्षरं’ हा ग्रीक अर्थ, आणि खुद्द इजिप्ती लोक ‘मेदू-नेचेर’, म्हणजे ‘देवाचे शब्द’ म्हणत, हेही. ‘चित्राक्षरं’ एकदाच वापरेन, दिसण्याबद्दल बोलताना. अडगळ, ते तुमच्यासाठी.

भाचीला आज बदकाचं सांगितलं. तिने वहीत एक वांगं काढलं, शेजारी ‘डं’ लिहिलं आणि वांग्याच्या देठाला काना दिला. अजून लागलेलं नाही.