वैनगंगेतले मासे धरणानं संपवले की आपण?

ब्रह्मपुरीकर: आमचं गाव गोसेखुर्द धरणाच्या खाली, वैनगंगेकाठी. आधी बाजारात नदीची मरळ, वाम, मोठे झिंगे यायचे. आता तळ्यातली रोहू-कतला, नाहीतर आंध्रातून बर्फात आलेला माल. घरचे म्हणतात, धरणानं घात केला. पण रात्री मासे मारायला नदीत विजेचा करंट सोडणारे तर गावातलेच आहेत. नेमकं काय झालं?

जुना ढिवर (मासेमार): धरणाचं खरं हाय जी, पण सगळं त्याच्यावर ढकलू नका. रोहू-कतला वर्षातून एकदाच, पावसाळ्यात, वाहत्या गढूळ पाण्यात अंडी टाकते. त्यासाठी धारेच्या उलट चढते. भिंत आडवी आली, वाट बंद. त्यात नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानात अन् तिथून वैनगंगेत.

आता आपलं ऐका. आषाढात पहिला पूर आला की नाल्याच्या तोंडाला मच्छरदाणी बांधतेत. वर चढणारी गाभोळीची मासोळी त्यातच अडकते. किलोभर वजनामागं रोहूच्या पोटात दोन-तीन लाख अंडी असतात, अन् ती अंड्यावर यायला दोन-तीन वर्षं लागतात. आपण तिला वीतभर असतानाच तव्यावर टाकतो.

मरळीचं तर बघवत नाही. तिच्या पिल्लांचा लालसर थवा पाण्यावर खेळते, खाली आई-बाप राखण करतेत. पोरं थवा पाहूनच गळ टाकतेत, राखणदार चवताळून झेप घेते. तो गेला की बाकीचे मासे पिल्लं गिळून टाकतेत. बाजारात एक मरळ दिसते, मागं अख्खा थवा गेलेला असते. करंटात तर लहान-मोठं काहीच सुटत नाही. विष अन् सुरुंगाला कायद्यानं बंदी हाय, पण विचारते कोण?

नागपुरी: नदी लहान, तिथं समजू शकतो. समुद्रात कुठं मासा संपतो?

मास्तर: संपतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ शेकडो वर्षं कॉड नावाचा मासा पकडत होते. मग जाळं ओढणारे मोठे ट्रॉलर आले, मासा कुठं आहे ते यंत्रानं कळू लागलं. कळप आटत होते तरी उरलेला मासा हुडकून काढता येत होता, म्हणून जाळी भरत राहिली. १९९२ मध्ये सरकारला मासेमारी थांबवावी लागली, तीसेक हजार लोकांचा रोजगार गेला. मध्ये थोडीफार परवानगी मिळत गेली, पण बंदी अधिकृतपणे उठली ती २०२४ मध्ये. आपल्या कोकणातही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, ती माशाला अंडी टाकू द्यायलाही.

ब्रह्मपुरीकर: मग आपल्या नाल्यावर तशी बंदी घालता येईल का?

जुना ढिवर: ग्रामसभेत विषय घ्या. आषाढ-श्रावण नाल्याच्या तोंडाला जाळं नाही, करंट तर बाराही महिने नाही. अन् त्या दोन महिन्यांत ढिवराच्या घरी चूल कशावर पेटन, तेही त्याच सभेत ठरवा. आमच्याकडं शेती नाही जी.