तीर्थनच्या काठी तंबू: दोघांसाठी सल्ला हवाय

मुक्ता_पुणे
मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि नवरा हिमाचलला तीर्थन खोऱ्यात जातोय. होमस्टे नको, नदीकाठी तंबूतच राहायचंय. सह्याद्रीतल्या मुक्कामांची सवय आहे, पण हिमालयातली नदी पहिल्यांदाच. तंबू कुठे लावावा? सोबत काय न्यावं?

दगडवाट
ताई, जागा उत्तम निवडलीत! तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ द्यायचे नाहीत असा निर्णय हिमाचल सरकारने घेतला, म्हणून नदी अजून मोकळी वाहते. चंदीगडहून मनालीची रात्रीची बस पकडा, औटला उतरवायला कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. तिथून बंजार, मग गुशैणी. पुढे चालत रोल्लापर्यंत जाणार असाल तर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कचा परवाना लागतो. गुशैणीच्या आसपास राहायचं तर जागामालकाला विचारूनच तंबू ठोका.

आता मुख्य मुद्दा. पाण्यालगतची सपाट वाळू बघून मोह होईल, पण तिथे अजिबात नको. दिवसभराच्या उन्हाने वरचं बर्फ वितळतं आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार उलटते. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला फाटा संध्याकाळी मांडीला लागू शकतो. काठावरच्या झुडपांत काटक्या, पालापाचोळा कुठवर अडकलाय ते नीट बघा. मागचं पाणी तिथवर चढलेलं असतं. तंबू त्याच्या बराच वर हवा. वर ढग दाटले असतील तर तुमच्याकडे ऊन असलं तरी नदीपासून लांब राहा.

बियासकाठ
दगडवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. एक जोडतो: लारजी धरणाच्या खाली बियास नदीच्या पात्रात फोटोसाठीसुद्धा उतरू नका. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले. पात्रातले कोरडे धोंडे बघून पाणी येईल असं कुणालाच वाटत नाही. येताना-जाताना तुमचा रस्ता तिथूनच आहे, म्हणून कळकळीने सांगतोय.

मुक्ता_पुणे
दोघांचे मनापासून आभार. हे इथे बसून सुचलंच नसतं. गॅसचा छोटा डबा पुण्याहून नेता येईल का? आणि थंडी?

दगडवाट
विमानात गॅसचा डबा चालत नाही, ना हँडबॅगेत ना चेक-इनमध्ये. शेगडी आणि गॅस दोन्ही तिकडेच भाड्याने घ्या, आधी फोन करून ठरवा. मेमध्येही रात्री चांगलाच गारठा असतो. स्लीपिंग बॅगइतकीच खालची मॅट महत्त्वाची, कारण थंडी जमिनीतून चढते. आणि कितीही कुडकुडलात तरी तंबूत शेगडी पेटवू नका, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वासही नसतो. भांडी नदीत घासू नका, पाणी बाजूला आणून धुवा. ट्राउट पकडायचा असेल तर मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो, तो बंजारला उतरल्यावर विचारून घ्या.