मदत हवी आहे: आठ महिन्यांची कंपनी रिझ्यूममध्ये लिहू की गाळू? उद्या सकाळी पाठवायचाय

गेजवाला (रात्री ९:१२)
प्रश्न वर लिहिलाच आहे. एका ठिकाणी फक्त आठ महिने होतो. टाकलं तर 'का सोडली' विचारणार, नाही टाकलं तर गॅप दिसणार. मित्र म्हणतो गाळ. चुलतभाऊ म्हणतो आधीच्या कंपनीची तारीख आठ महिने पुढे ओढ, कोण बघतंय. उद्या दहाच्या आत मेल करायचाय. दहावीपासून सगळं लिहायचं का तेही सांगा. लवकर सांगा प्लीज.

शेवग्याची_शेंग (९:२०)
क्षेत्र कुठलं? एकूण अनुभव किती? हे आठ महिने सुरुवातीचे, मधले की शेवटचे? डॉक्टरला फोन करून 'दुखतंय, गोळी सांगा' म्हटल्यासारखं झालं हे.

एकपानी (९:२२)
बाकी काहीही असो, रिझ्यूम एका पानाचा करा. मी अठरा वर्षांचा अनुभव एका पानात बसवलाय.

गेजवाला (९:२४)
माझा एकाच पानाचा आहे. प्रश्न तो नाहीये. डिप्लोमा मेकॅनिकल, क्वालिटीत आहे. भोसरीला २ वर्षं, मग चाकणला ८ महिने.

शेवग्याची_शेंग (९:२५)
आणि आत्ता?

गेजवाला (९:२५)
आत्ता घरी.

शेवग्याची_शेंग (९:२६)
कधीपासून? महिने लिही रे बाबा, दात उपटल्यासारखं एकेक काढावं लागतंय.

गेजवाला (९:३१)
भोसरी जुलै २०२१ ते जून २०२३. चाकण जुलै २०२३ ते फेब्रुवारी २०२४. मग चार महिने गावी. आता कागल पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत जागा निघालीये, ओळखीतून कळली.

तिरकस_पट्टी (९:३४)
म्हणजे चाकण गाळलंस की चार महिन्यांचं भोक बारा महिन्यांचं होतं. उंदराचं बीळ बुजवायला भिंत पाडतोयस.

गेजवाला (९:३५)
म्हणून तर तारीख ओढायचं म्हणतोय.

रिझ्यूम_डॉक्टर (९:३६)
फक्त ९९९ रुपयांत आकर्षक रंगीत रिझ्यूम, कव्हर लेटर मोफत. इच्छुकांनी व्यनि (खाजगी मेसेज) करावा.

तिरकस_पट्टी (९:३७)
आले. गूळ उघडा पडायचा अवकाश.

सातपूरचे_काका (९:५२)
तारीख ओढू नकोस. मी नाशिकला टाइम ऑफिस आणि पुढे एचआर मिळून ३१ वर्षं काढली, म्हणून सांगतो. रिझ्यूम कोण शपथेवर लिहून घेत नाही. पण जॉइन होताना फॉर्म ११ भरावा लागतो. आधी पीएफ होता का, यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर काय, आधीची नोकरी कधी सोडली, हे सगळं त्यात तुझ्या सहीनं जातं. यूएएन बारा आकडी, माणसाला एकच. भोसरीही त्याखाली, चाकणही त्याखाली. तू ओढलेले आठ महिने तिथं दुसऱ्याच कंपनीच्या नावावर दिसणार. एखादी नोकरी रिझ्यूममध्ये न लिहिणं एक वेळ खपतं. चुकीची तारीख मात्र सरळ खोटं असतं, आणि पडताळणीत ते सापडलं की लागलेली नोकरीही जाते. माझ्या हातून अशी दोन पोरं परत गेलीत, अजून वाईट वाटतं.
आता दोन गोष्टी सांग. चाकणला पीएफ कापत होते का? राजीनामा दिला होतास का?

गेजवाला (९:५६)
पीएफ कापत होते. राजीनामा म्हणजे सुपरवायझरला व्हॉट्सॲप केला होता, उद्यापासून येत नाही म्हणून.

शेवग्याची_शेंग (९:५७)
अरे हे पहिल्या ओळीत सांगायचं!

गेजवाला (९:५८)
जानेवारी आणि फेब्रुवारीचा पगारच दिला नाही त्यांनी. रूमचं भाडं कशातून देणार होतो?

खडूफळा (१०:०१)
व्हॉट्सॲपचा राजीनामा धरत नाहीत. ॲब्सकाँड, म्हणजे न सांगता पळाला, असा शिक्का लावतात.

भाकरतुकडा (१०:०३)
आमच्या प्लँटला धरतात. माझा स्वतःचा धरला.

खडूफळा (१०:०४)
तुमचा मॅनेजर मेव्हणा असेल.

स्टुटगार्टहून (१०:०६)
फोटोबद्दल कोणीच बोललं नाही. इथे जर्मनीत लेबन्सलाउफवर, म्हणजे इथल्या रिझ्यूमवर, अजून बरेच जण चांगला स्टुडिओत काढलेला फोटो लावतात. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर तो न लावल्याबद्दल कोणी अडवत नाही, पण पद्धत आहे.

लेस्टरची_सून (१०:०९)
आमच्याकडे इंग्लंडात उलट. फोटो, वय, लग्न झालंय का, काही लिहायचं नाही. मी पहिल्यांदा भारतातल्या सवयीनं नवऱ्याचं नावसुद्धा टाकलं होतं, एजन्सीतल्या बाईनं मला फोन करून खोडायला लावलं.

तिरकस_पट्टी (१०:११)
आमच्या एका ट्रेनीनं लग्नाचा बायोडाटाच पाठवला होता. रास कन्या, नाडी मध्य, मामेकुळं तीन, शेती सहा एकर बागायत. साहेब म्हणाले, मुलगी देऊ का नोकरी?

गेजवाला (१०:१२)
मला कागलला जायचंय, स्टुटगार्टला नाही. चाकणचं सांगा कोणीतरी.

मधुरा_के (१०:३०)
मी पुण्यात भरतीचंच काम करते, त्यातही ऑटो पार्टवाल्यांचं जास्त. चाकण लिहायचंच. महिन्यासकट, जुलै २०२३ ते फेब्रुवारी २०२४. का सोडली ते रिझ्यूममध्ये लिहायचं नाही. मुलाखतीत विचारलं तर एका वाक्यात 'दोन महिने पगार थकला होता', आणि तिथेच थांबायचं. जुन्या मालकाचा उद्धार सुरू केला की समोरचा पेन खाली ठेवतो. गावच्या चार महिन्यांचं विचारलं तर जे केलं ते सांगायचं, त्यात लाजण्यासारखं काय आहे?
तुझा रिझ्यूम आहे तसा इथे टाक बरं. नावं-नंबर काढून.

गेजवाला (१०:४१)
१. करिअर ऑब्जेक्टिव्ह: आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या व माझ्या प्रगतीस हातभार लावणे. (इंग्रजीत आहे)
२. अनुभव: इनप्रोसेस इन्स्पेक्शन केले. रिपोर्ट बनवले. दोन्ही कंपन्यांत हेच.
३. दहावी, डिप्लोमा टक्के. चौथी स्कॉलरशिप.
४. वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, आधार नं., पॅन नं.
५. छंद: क्रिकेट, संगीत ऐकणे.
६. वरील माहिती खरी आहे असे मी जाहीर करतो. सही, ठिकाण.

मधुरा_के (१०:५५)
चौथा नंबर पूर्ण काढ. आत्ताच्या आत्ता. आधार आणि पॅन रिझ्यूमवर कशाला? ही फाइल ओळखीच्या माणसाकडून कन्सल्टंटकडे, तिथून आणखी चौघांकडे जाते, कुणाच्या फोनमध्ये राहील त्याचा पत्ता लागत नाही. निवड झाल्यावर एचआर मागेल तेव्हा द्यायचं, चालत असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार. जात-धर्म खाजगी कंपनीला विचारायचं कारण नाही. ऑब्जेक्टिव्ह उडव, रोज तेच वाक्य वाचून माझे डोळे त्यावरून घसरतात. स्कॉलरशिप उडव. दहावी आणि डिप्लोमा दोन ओळींत, वर्ष आणि टक्के.
त्या मोकळ्या झालेल्या जागेत दोन नंबरचा मुद्दा, अनुभव, नीट भर. 'इन्स्पेक्शन केले' यातून मला काय कळणार? कुठला पार्ट, किती वेळाने किती नग, कशानं मोजत होतास?

गेजवाला (११:०२)
भोसरीला ब्रेकचे हाउसिंग. तासाला पाच नग. बोअरला एअर गेज, उंचीला हाइट गेज, बाकी व्हर्निअर, मायक्रोमीटर. सीएमएमवर (मापं घेणारं कॉम्प्युटरचं मशीन) प्रोग्राम करत नव्हतो, फक्त पार्ट लावून रिपोर्ट काढायचो. चाकणला पीपीएपीची (गिऱ्हाइकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायची) फाइल लावायला मदत केली, एमएसए स्टडी (मोजमाप भरवशाचं आहे का ते तपासणं) दोन वेळा.

मधुरा_के (११:०५)
अरे मग हेच लिही ना! हे गाळून संगीत ऐकणे लिहिलंयस. सीएमएमबद्दल जे आत्ता लिहिलंस तेच शब्द ठेव. नुसतं 'सीएमएम येतं' लिहिलंस तर मशीनपुढे उभं करतील.

सातपूरचे_काका (११:०८)
मधुराताई बरोबर बोलल्या. एक भर. गिऱ्हाइकाचा पार्ट नंबर, ड्रॉइंग, रिजेक्शनचे आतले आकडे टाकू नकोस. आमच्याकडे एकानं आपलं काम दाखवायला ड्रॉइंगचा फोटोच जोडला होता. जो आधीच्या कंपनीचं बाहेर काढतो तो उद्या आमचंही काढेल, म्हणून बोलावलंच नाही.
आता पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघड. चाकणसमोर सोडल्याची तारीख आहे का?

गेजवाला (११:१९)
ओटीपी येत नव्हता. भोसरीपुढे ३० जून २०२३ आहे. चाकणपुढे काहीच नाही. पासबुकात शेवटची एंट्री डिसेंबर २०२३ ची.

सातपूरचे_काका (११:२९)
वाटलंच. कागदावर तू अजून चाकणला कामाला आहेस. तसाच कागलला जॉइन झालास तर एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसतील आणि प्रश्न तिथं येईल. कंपनी तारीख टाकत नसेल तर सभासदाला स्वतः टाकता येते, मॅनेजमध्ये मार्क एक्झिट आहे. शेवटचा भरणा होऊन दोन महिने उलटलेले लागतात, ते झालेत. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मेख एवढीच की तारीख शेवटच्या भरण्याच्या महिन्यातलीच घेतो, म्हणजे तुझी डिसेंबरची पडेल. नीट बघून टाक.

शेवग्याची_शेंग (११:३१)
मग रिझ्यूममध्ये फेब्रुवारी आणि पीएफमध्ये डिसेंबर. खोटारडा ठरेल की.

खडूफळा (११:३२)
त्यापेक्षा रिझ्यूममध्येही डिसेंबर लिही. विषय संपला.

सातपूरचे_काका (११:३८)
का म्हणून? घाम गाळला फेब्रुवारीपर्यंत आणि लिहायचं डिसेंबर? केलेलं काम सोडायचं नाही. फेब्रुवारीच लिही, आणि पुरावा वेगळा ठेव: नेमणुकीचं पत्र, डिसेंबरपर्यंतचे पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट, त्या दोन महिन्यांचे शिफ्टच्या ग्रुपवरचे मेसेज. यातलं काहीही रिझ्यूमला जोडायचं नाही, विचारलं तर दाखवायचं. आणि आज रात्रीच चाकणच्या एचआरला मेल टाक, अमुक तारखेपासून काम सोडलंय, थकलेला पगार आणि रिलीव्हिंग लेटर द्या. देतील न देतील, तू मागितल्याचं लेखी राहतं. पगारासाठी कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे, पण ते उद्या दहानंतर.

गेजवाला (११:४४)
सोडून आलेल्या माणसाला लेटर देतील?

सातपूरचे_काका (११:४५)
पगार थकवलेल्या कंपनीला तक्रार नको असते. मागून बघ.

उन्हाळी_सुट्टी (११:५०)
माझ्या भाचीचा सात वर्षांचा गॅप आहे, दोन मुलं झाली. तिनं बालसंगोपन असं लिहावं का?

मधुरा_के (११:५४)
तिची माहिती घालून वेगळा धागा काढा, मी येते तिथे. गेजवाला, मेल आयडी काय आहे तुझा? बॅडबॉय वगैरे नाही ना?

गेजवाला (११:५५)
किंग आहे नावात.

मधुरा_के (११:५६)
नवीन काढ. आणि फाइलचं नाव 'न्यू रिझ्यूम फायनल २' असं नको. तुझं नाव आणि क्वालिटी, बास. पीडीएफ.

एकपानी (११:५८)
आणि एकच पान.

गेजवाला (दुसऱ्या दिवशी, सकाळी ९:४०)
पाठवला. चाकण लिहिलं, महिन्यासकट. मार्क एक्झिट पहाटे झालं, रात्री साइट बंद पडत होती. चाकणला मेलही टाकला. छंदात क्रिकेट ठेवलंय, कागलच्या कंपनीची टीम आहे म्हणे. थँक्यू काका, थँक्यू मधुराताई.

सातपूरचे_काका (९:५५)
बॅटिंग का बॉलिंग?

वाळूज_एक्स्प्रेस (तीन आठवड्यांनी)
धागा वर काढतोय. मार्क एक्झिट केलं, आता मला सगळा पीएफ काढायचाय. पीएफच्या फॉर्म १९ सोबत पेन्शनचा १०सी पण भरायचा का? अर्जंट आहे.

शेवग्याची_शेंग
नोकरी किती वर्षं झाली? आत्ता कुठे आहात? काही सांगाल की नाही?