मधली जोडी लागल्यावर किती पैजा सोसाव्यात?

दश्शीनव्वी:
आम्ही मित्र पैसे न लावता, केवळ चिप्सवर टेक्सस होल्डम हा पोकरचा प्रकार खेळतो; ब्लाइंड, म्हणजे दोघांनी सुरुवातीलाच घालायच्या सक्तीच्या पैजा, १० आणि २०. गेल्या शनिवारी मी बिग ब्लाइंडवर (२० घालण्याच्या जागी) होतो आणि माझ्याकडे इस्पिकची दश्शी-नव्वी होती. सर्वांत आधी बोलणाऱ्या खेळाडूने रेज करून पैज ६० वर नेली, बाकीच्यांनी पाने टाकली आणि मी कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स भरल्या. फ्लॉपवर, म्हणजे सर्वांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, बदामचा राजा, चौकटची नव्वी आणि किलवरची चव्वी आली, म्हणजे मला नव्वीची, तिघांतल्या मधल्या पानाची, जोडी लागली; पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) १३०. मी दर वेळी चेक करत (पैज न लावता) गेलो आणि त्याने फ्लॉपला ६५, टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, दुर्री आल्यावर १९५, तर रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानाला, छक्की आल्यावर ४०० लावले. प्रत्येक कॉल पॉटच्या मानाने स्वस्त वाटला, म्हणून शेवटपर्यंत गेलो. त्याने एक्का-राजा दाखवला आणि माझ्या ७२० चिप्स गेल्या. नेमके कोठे चुकले?

किलवरगुलाम:
फ्लॉपचा कॉल मला चुकीचा वाटत नाही. ६५ घालून एकूण पॉट २६० होतो, म्हणजे चारांत एकदा जिंकलात तरी भरपाई होते. दोन नव्व्या आणि तीन दश्श्या अशी पाच पाने तुमचा हात सुधारतात. रिव्हरपर्यंत त्यांपैकी एखादे येण्याची शक्यता सुमारे २० टक्के. तेवढ्याने भागत नाही, पण राजा पडल्यावर एक्का-राणीवालाही एकदा पैज लावून पाहतोच, आणि तेव्हा तुमची नव्वी पुढे असते. टर्नला मात्र हिशेब बदलतो. तेथे १९५ घालून पॉट ६५० होतो, म्हणजे ३० टक्के लागतात आणि सुधारणारी पाने ४६ पैकी पाचच, म्हणजे जेमतेम ११ टक्के. उरलेली भर त्याच्या ब्लफनेच पडायला हवी. हातात काही नसलेले बहुतेक घरगुती खेळाडू दुसऱ्या पैजेपाशी गप्प बसतात. मी तेथेच पाने टाकली असती.

तिर्रीपंजी:
रिव्हरचे गणित तर मोजून पाहण्यासारखे आहे. एक्का-राजा १२ रीतींनी येऊ शकतो, राजा-राणी १२, एक्क्यांची जोडी ६ आणि राजांची जोडी ३. झाल्या ३३, आणि या सर्वांपुढे तुम्ही हरता. १,४५० च्या पॉटसाठी ४०० घालायचे, तर त्याच्याकडे ब्लफच्या निदान १३ रीती असल्या पाहिजेत. राणी-गुलामाच्याच १६ रीती होतात, हे खरे. परंतु पहिल्या जागेवरून तो हात दर वेळी रेज करून तिन्ही वेळा पैज लावणारा माणूस तुमच्या टेबलावर आहे का?

दश्शीनव्वी:
नाही, तो फार सावध खेळतो. तीन पत्तीत शेवटी ‘शो’ मागून पाहायची माझी जुनी खोड येथेही नडली, हे कबूल. मग फ्लॉपलाच रेज केला असता तर?

किलवरगुलाम:
तर राणी-गुलाम पळाला असता आणि राजावाला थांबला असता, म्हणजे ज्याला हरवता तो जातो आणि ज्याच्यापुढे हरता तोच उरतो. टर्नला त्याने चेक केला असता, तर रिव्हरची लहानशी पैज मी बिनदिक्कत कॉल केली असती, कारण चांगला राजा असलेला माणूस सहसा टर्न फुकट सोडत नाही.